डावीकडून तिसरा डबा

डॉक्टरबाईंची गाडी तयार झाली असं मिस्त्रींनी सांगितलं म्हणून मी नुसती बघायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले. चारही चाकांच्या आत हिरवा रंग होता.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो, मग मी तरी वेगळं काय म्हणणार? घराखालीच आमचं गॅरेज आहे. फोन घेणं, गिऱ्हाइकांची समजूत काढणं आणि झाडलोट ही माझी खाती. ब्रेकची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरणारा जो लोखंडी ठोकळा असतो त्याला कॅलिपर म्हणतात, एवढं मला ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. बहुतेक गाड्यांचे कॅलिपर धुळीने माखलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. या गाडीचे मात्र लाल होते. विटेसारखा, जरा तपकिरीकडे झुकणारा लाल.

गाडी दातांच्या डॉक्टरबाईंच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती उभीच राहिली आणि कॅलिपर गंजून गेले. बाईंनी एकच अट घातली होती, रंग मूळचाच हवा. "दातांच्या पांढऱ्यातसुद्धा पंधरा-सोळा छटा असतात, मिस्त्री. माझ्याशी गाठ आहे," असं हसत म्हणाल्या होत्या, पण म्हणाल्या होत्या.

आमच्याकडे रंगाचं काम दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं. इंजिन, ब्रेक, गिअर मिस्त्रींचे आणि रंग दादांचे, अशी दोघा भावांची वाटणी. गेल्या वर्षी दादा गेले आणि लोक हळूच विचारायला लागले, आता रंगाचं कसं करणार? मग विचारणंही थांबलं. जुन्या गाड्या परस्पर दुसरीकडे जायला लागल्या. बाईंची गाडी मनासारखी झाली असती तर ते थांबलं असतं. बाईंच्या ओळखीत जुन्या गाड्यांचे शौकीन भरपूर. आणि बाई दुपारी येणार होत्या.

"काय हो हे?" मी म्हटलं.

"कॅलिपर."

"ते कळतंय मला. रंग?"

"मूळचा. कॅलिपरवरच्या क्लिपच्या आतल्या बाजूला जुना रंग टिकला होता ना, त्याच्याशी ताडून बघितला. तंतोतंत."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण चेष्टा हा प्रकार मिस्त्रींकडे फार जपून वापरला जातो, आणि कामाच्या बाबतीत तर नाहीच. तोंडावर चांगलं काम झाल्याचं समाधान होतं. काम झालंही होतं चांगलं. लोखंड घासून चकचकीत केलेलं, तबकडीवर रंगाचा एक थेंब नाही, कडा सुरीने कापल्यासारख्या. फक्त शेवाळासारखा हिरवा.

"मिस्त्री, हा हिरवा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कॅलिपरकडेही नाही. मान वळवून भिंतीवरच्या रॅककडे बघितलं आणि विचारलं, "रॅकला कोणी हात लावला?"

"मी. बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी आवरला. किती धूळ होती! मोठे डबे मागे, लहान पुढे लावले."

मिस्त्री उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले. "डावीकडून तिसरा," ते म्हणाले. "या जातीच्या गाड्यांचा लाल दादाने डावीकडून तिसरा ठेवला होता."

दादा रंग स्वतः मिसळायचे आणि मिळेल त्या डब्यात भरायचे. नाव नाही, चिठ्ठी नाही. झाकणावर त्याच रंगाचा एक फटकारा असायचा, आणि कोणालाही तेवढं पुरतं. कोणालाही. ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"तुला रंग दिसत नाहीत?"

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, मी त्यांना अहो-जाहोच करते. तो 'तू' कुठून आला ते मलाही कळलं नाही. दोघांनाही तो ऐकू आला आणि दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं.

"दिसतात. लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत."

मी टेबलावरचं लाल फडकं उचललं. "हा कोणता?"

"तेवढं नको करूस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "शाळेत दिवसभर हेच चालायचं. हा कोणता, तो कोणता. सगळी पोरं हातात काही ना काही घेऊन मागे यायची. दादाने एकेकाला बडवलं, मग थांबलं."

मी फडकं घडी करून ठेवलं. फडक्याची घडी मी जन्मात घातली नव्हती.

"आणि सिग्नल?"

"वरचा थांबा, खालचा जा. त्यात काय?"

"आडवा असला तर?"

"पुढची गाडी थांबली की थांबतो."

"आणि पुढे गाडी नसली तर?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी सीटवर बसून डुलक्या काढल्या होत्या.

मी वर जाऊन जाऊबाईंना फोन लावला. दादांच्या मागे त्या मुलीकडे राहतात. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

"वहिनी, यांना लाल-हिरवं कळत नाही," मी म्हटलं.

"बरं, मग?"

"मग म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, म्हणजे तुला माहीत नव्हतं?" पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "सासूबाईंना माहीत होतं, आमच्या यांना माहीत होतं. मला यांनी लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं. तू तर त्याची बायको. मला वाटलं बायकोला सांगत असतील."

"नाही सांगितलं."

"कमाल आहे. यांनी मला बजावलं होतं, रॅकला कधी हात लावू नकोस. मी नाही लावला. तू कशाला लावलास?"

मी फोन ठेवला. रॅकला हात लावला की दादा केवढे अंगावर यायचे. माणूस एरवी लोण्यासारखा, तेवढ्यापुरता वाघ. मी त्याला स्वभाव म्हणत आले होते.

मग मी पलंगावर बसले आणि खोलीकडे बघितलं. पडदे निळे, चादर निळी, उशा निळ्या. मिस्त्रींनी मला आजवर आणलेले स्वेटर, छत्र्या, पर्स, एकूणएक निळं. माहेरी मी कौतुकाने सांगायचे, आमच्याकडे निळ्याचं फार वेड आहे बाई. वेड कसलं, तो एक रंग त्यांना खात्रीने आणता येत होता. बाजारात टोमॅटो घेताना एकेक दाबून बघायचे. भाजीवाली करवादायची आणि मी मागे अभिमानाने उभी, काय पण चोखंदळ नवरा मिळालाय म्हणून. माझ्या घरात माझ्या डोळ्यांसमोर एवढा मोठा हत्ती पंचवीस वर्षं उभा होता आणि मी त्याच्यावर कपडे वाळत घालत होते.

राग आला होता का? आला असावा. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. रोज, प्रत्येक गोष्टीला, या माणसाने किती कष्ट घेतले असतील, आणि मला पत्ता लागू नये म्हणून त्याहून किती.

खाली हॉर्न वाजला. डॉक्टरबाई दुपारची वेळ सांगून सकाळीच हजर झाल्या होत्या.

जिना उतरता उतरता मी एक थाप तयार केली, आणि ती चांगली होती. रंगाच्या आधी अस्तराचा हात मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. हिरवं अस्तर आहे, लाल अजून चढायचाय, दोन दिवसांनी या. माझं मलाच कौतुक वाटलं.

बाई आधीच चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. मिस्त्री बाजूला उभे, हात पुसून पुसून कोरडे झालेले तरी पुसत होते.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"अस्तर," मी शेवटच्या पायरीवरूनच म्हटलं. "लाल यायचाय अजून. तुम्ही लवकर आलात."

"अच्छा. मी घाबरलेच," बाई म्हणाल्या आणि उठल्या. चेहरा मोकळा झाला. संपलं होतं, निभावलं होतं. दोन दिवसांत मी डबा शोधून काढला असता आणि आम्हा दोघांखेरीज कोणाला काही कळलं नसतं.

"अस्तर नाही," मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्याकडे डोळे वटारले. त्यांना ते दिसलं. तेवढं दिसतं त्यांना.

"मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, डॉक्टर. लहानपणापासून. रंग दादा करायचा. डबा चुकला आणि मला कळलं नाही."

ज्या माणसाने मला सांगितलं नाही त्याने दात उपटणाऱ्या बाईला उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"आणि ब्रेक?" बाईंनी विचारलं.

"ब्रेक मी केलेत. त्यांना रंग लागत नाही."

बाईंनी हात पुढे केला, किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढली. रस्त्याच्या टोकाला जाऊन वळल्या, वेगात आल्या आणि आमच्या दारासमोर करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. आवाजसुद्धा नाही.

"बाबांच्या वेळी पण इतके चांगले लागत नव्हते," उतरल्यावर बाई म्हणाल्या. "मग आता रंग कोण करणार?"

"ही," मिस्त्री म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"ही करेल," ते पुन्हा म्हणाले, जणू मी गेली दहा वर्षं हेच करत होते. मी आयुष्यात ब्रश धरला होता तो एकदा, संडासाच्या दाराला, आणि तोही निळा रंग द्यायला. पण बाईंसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडणार? खोटं पडण्याचा तो मान त्याच दिवशी एकदा माझ्या वाट्याला येऊन गेला होता.

पुढचे दिवस मी शिकत होते. डबा सापडला, पण मी आवरताना झाकण नीट दाबलं नव्हतं, आत सायीसारखा थर धरलेला. तो लाल नव्याने जुळवावा लागला. मिस्त्री पॉलिश पेपरने हिरवा उतरवायचे, तबकडीवर टेप लावायचे, थिनर किती ते सांगायचे. मी दारात उजेडाला बसून लालात थेंबभर काळा, मग थेंबभर पिवळा, आणि ती क्लिप, तिच्या आतला नखाएवढा जुना रंग, समोर ठेवून ताडून बघायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. चारचारदा टाकून दिलं. मग एकदा ते जुळल्यासारखं वाटलं आणि आम्ही हात मारला.

बाई आल्या. उकिडव्या बसल्या, क्लिप कॅलिपरला लावून बघितली, चष्मा काढून बघितली, पुन्हा लावून बघितली.

"अगदी किंचित गडद आहे," त्या म्हणाल्या. "पण चालेल. दुसऱ्या कोणाला कळणार नाही."

"नाही चालणार," मिस्त्री म्हणाले. "ही परत करेल."

माझे खांदे भरून आले होते, नखांत लाल बसला होता, आणि बाई स्वतःच्या तोंडाने चालेल म्हणत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "का? तुम्हाला दिसतोय का गडद?"

बोलले आणि गार पडले. बाईंनी खाली बघितलं. शाळेतल्या त्या मागे लागणाऱ्या पोरांत मी स्वतः जाऊन उभी राहिले होते, तेही परक्यासमोर.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि ते गाडीच्या बॉनेटवर हात टेकून हसायला लागले. या विषयावर ते हसू शकतात याची त्यांना स्वतःला खबर नसावी, कारण हसता हसता ते मध्येच थांबून चकित झाल्यासारखे बघायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे.

"नाही दिसत," डोळे पुसत ते म्हणाले. "म्हणून तर म्हणतो, तू परत कर. तुला दिसतोय."

मी पॉलिश पेपर उचलला.