मीठ कोणी घातलं

दादाने अट घातली तेव्हाच माझं डोकं फिरलं. म्हणे, "आईने रविवारी शेजारच्यांना चहाला बोलवावं, सगळं एकटीने करावं. जमलं तर ती इथेच राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर हे घर विकायचं आणि तिने माझ्याकडे यायचं." आईची परीक्षा घेतोस होय रे, शहाण्या? पण मागे एकदा गॅसवर दूध ठेवून ती दार ओढून बाहेर गेली होती, त्यामुळे मलाही तोंड उघडता येईना.

आई मात्र खुशीत. "एवढंच ना? क्रीम चीजचं स्प्रेड करते. गॅस पेटवायलाच नको, मग विसरणार काय, कपाळ?" आणि स्वतःच खो खो हसली.

रविवारी तिने आम्हाला स्वयंपाकघरातून हाकललं. दादा, वहिनी आणि मी बाहेर बसून वर्तमानपत्राआडून चोरून बघत होतो. तिने चीज फ्रिजबाहेर काढून मऊ होऊ दिलं, लाकडी चमच्याने घोटलं, त्यात लसूण किसला, कांद्याची पात बारीक चिरून टाकली, मिरपूड घातली, लिंबू पिळलं. मिठाच्या बरणीला हात लावला नाही. वाडगं झाकून ती कपडे बदलायला गेली.

मीठच विसरली की गं बाई! आईची साडेसाती टळावी म्हणून मी आत धावले, बाहेरून दिसू नये म्हणून पाठमोरी उभी राहून चमचाभर मीठ ढवळलं आणि साळसूद चेहऱ्याने परत येऊन बसले. चाखायला वेळ कुठला? मग दादा पाणी प्यायला आत गेला. मग वहिनी बशा आणायला गेली.

पाहुणे आले. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी बिस्किटावर स्प्रेडचा चांगला थर लावला, घास घेतला आणि डोळे विस्फारून अख्खा ग्लास पाणी प्यायले. "वा, जरा वेगळंच झालंय." बाकीच्यांनी अर्धी बिस्किटं बशीतच ठेवली. आईने स्वतः चाखलं. तिचा चेहरा उतरला. ती उठून आत गेली, मागोमाग आम्ही तिघं.

"मी मीठ घातलंच नव्हतं," ती ओट्याला धरून म्हणाली. "चीजमध्ये असतंच थोडं. त्यात या माझ्या लेकाचं ब्लडप्रेशर, म्हणून मुद्दाम नाही घातलं. पक्कं आठवतंय मला. म्हणजे... आठवत होतं."

मला रडूच फुटलं. "आई, मी घातलं गं!"

"छे, मी घातलं!" दादा म्हणाला.

"आई, मीही घातलं हो," वहिनी पुटपुटली.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. आईने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं आणि मायेने दादाच्या पाठीवर हात ठेवला.

"एकानेच सांगितलं असतं तर पटलंही असतं रे. तिघंही कसं म्हणता? किती सांभाळून घ्याल मला?"

"तुझी शपथ, आई! खरंच सांगतोय. अट गेली खड्ड्यात, तू इथेच राहा." दादा तिचे हात धरून म्हणाला.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "आता मलाच माझी भीती वाटते. घराचं बघ तू."