वाकलेला गुडघा

चालण्याचीही शर्यत असते, असं आमच्या बेसा भागात कोणाला सांगितलं तर तो आधी हसतो, मग माझ्या कमरेकडे बघतो. सरावाच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी आमच्या वर्गातला पियुष असायचाच.

"काहून वं मयुरा, संडास लागली का?"

मागच्या वर्षी मी रडत घरी गेले असते. यंदा ओरडायचे, "हो, तुह्याच घरी चालली!" आणि कंबर अजून जोरात हलवत पुढे!

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. बाबा आता साड्यांच्या दुकानात आहेत, पण त्यांच्या लहानपणी हातमागावर नुसता काठ साधला तरी पोरांच्या हातावर गूळ-फुटाणे पडायचे. अख्खं लुगडं व्हायची वाट कोणी बघायचं नाही. तीच रीत बाबांनी माझ्या चालण्याला लावली. रस्त्याच्या शेवटच्या विजेच्या खांबापाशी ते मोबाईलचं घड्याळ घेऊन उभे. वेळ जराशी कमी झाली की खिशातून पुडी निघायची.

"एका सेकंदाचे फुटाणे?" आई म्हणायची. "उद्या पोरीनं श्वास घेतला तरी वाटसान."

पण तिनंच बजावून ठेवलं होतं, की दहावी लागली की बूट माळ्यावर. म्हणजे हीच शेवटची संधी. जिल्ह्यातून पहिल्या दोघी राज्यस्पर्धेला जाणार होत्या, आणि माझी वेळ त्यात बसत होती. खरंच बसत होती!

जिल्ह्याच्या शर्यतीत मी दुसरी होते. एका पंचांनी पिवळी पाटी दाखवली, वाकलेल्या गुडघ्याची खूण असलेली. ताकीद. मला वाटलं, यांना नीट दिसलं नसेल. मी वेग वाढवला. शेवटच्या फेरीत मुख्य पंच मॅडम समोर आल्या, हातात लाल पाटी. बाद.

"मॅडम, मी धावली नाही जी!"

"धावली नाहीस बेटा, पण हे चालणंही नाही. पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे. तीन पंचांनी आपापल्या जागेवरून पाहिलं, तिघांनाही वाकलेलाच दिसला."

गार्गीनं, माझ्या मैत्रिणीनं, स्टेटसला टाकायला व्हिडिओ काढला होता. मैदानाच्या कडेला बसून आम्ही तो पाहिला. गुडघा प्रत्येक पावलाला वाकत होता. मग तिनं सरावाचे जुने व्हिडिओ उघडले. दिवाळीआधी मी हळू होते, पण गुडघा काठीसारखा सरळ. दिवाळीनंतर वेळ घटायला लागली, आणि तिथूनच गुडघा वाकायला लागलेला. आम्ही ज्या-ज्या सेकंदाचे फुटाणे खाल्ले, तो प्रत्येक सेकंद या चुकीनं कमावलेला होता.

बाबांनी दोनदा पाहिलं. "मी घड्याळच पाहत राह्यलो," ते म्हणाले. "तुह्या पायाकडे पाह्यलंच नाही."

"विणताना चुकलं तर उसवून परत विणता येते ना बाबा?"

"येते. पण उसवलेलं सूत पह्यल्यासारखं राहत नाही. अन् तेवढा वेळ कुठं हाय आता?"

बाबा माझ्याशी खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले असते तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरीही रस्त्यावर गेले. घड्याळ नाही. गार्गी शेजारून नुसती चालत होती, तीही चप्पल घालून, आणि मागे पडत नव्हती!

"एवढ्या हळू तर आमची म्हैस चालते वं."

"गुडघा पाह्य तू."

"सरळ... सरळ... वाकला."

परत मागे. परत वाकला. मांड्या थरथरायला लागल्या, तेव्हा कुठे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तिच्या तोंडून 'वाकला' आलं नाही.

"झालं?"

"झालं!"

मी भर रस्त्यात हात वर करून नाचले. गार्गीनं शिट्टी मारली. मग मी पुढच्या खांबाकडे निघाले आणि लगेच गुडघा वाकला. पुन्हा केलं, पुन्हा वाकला. ट्यूशनची वेळ झाली होती. आम्ही घरी आलो.