खडूच्या रेघेतला डाग

मी डाग बोलतोय, गॅरेजच्या जमिनीवरचा तेलाचा डाग. नाक मुरडू नका. गेली अकरा वर्षं माणसं मला पाहून तेच करत आली आहेत.

सिमेंटचा कोबा दिसायला दगडासारखा, पण पाजाल ते पितो. जुन्या गाडीच्या इंजिनातून एक थेंब पडला, तो कोबा प्यायला आणि मी जन्मलो. मग रोज दोन-चार थेंब मिळत गेले. आधी बशीएवढा होतो, पुढे ताटाएवढा झालो.

गाडी चालवायची घरातली सून. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे आठवड्यातून तीनदा स्वतःच्या आईला डायलिसिसला तीच न्यायची. मेकॅनिक म्हणाला होता, इंजिन उतरवावं लागेल, गाडी आठ दिवस ठेवून जा. आठ दिवस तिने आणायचे कुठून? म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली. दर सोमवारी माझ्याभोवती खडूची रेघ ओढायची, आणि मी रेघ ओलांडली की इंजिनात तेल ओतायचं. तेल कमी झालं की पेटणारा गाडीतला दिवा कधीच बिघडला होता. त्याचं काम मी करत होतो. त्या घरात माझी किंमत कळलेलं ते एकच माणूस.

दुसरं माणूस म्हणजे तिचा सासरा. सफाई खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. तीस वर्षं बोट दाखवून इतरांकडून घाण काढून घेतली, स्वतः झाडू कधी हातात धरला नाही. एकदा त्याचा जुना साहेब चहाला यायचा होता. साहेब गॅरेजमध्ये डोकावेल आणि आपली अब्रू जाईल, या काळजीने त्याने बाह्या सरसावल्या.

आधी त्याने माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं. तेलावर पाणी! मला हसू आवरेना. मग रॉकेल ओतलं, तर मी पातळ होऊन आणखी हातभर पसरलो. शेवटी शेजारच्या सुताराने कीव करून सांगितलं, की भुसा पसरा, पायाने रगडा, रात्रभर राहू द्या, मग कपड्यांची पावडर टाकून गरम पाण्याने ताठ ब्रशने घासा. दोन दिवस घासाघीस चालली. मी गेलो. म्हणजे वरचा गेलो. खोल मुरलेला मी होतो तिथेच होतो. माझ्याबरोबर खडूची रेघही गेली.

साहेब आला, चहा प्याला, गॅरेजकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या सकाळी कोब्यावर नवा थेंब. निरीक्षकाला तो सोसवेना. त्याने जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये भुसा भरला आणि रोज संध्याकाळी तो गुपचूप इंजिनाखाली सरकवू लागला. सून उठायच्या आत ट्रे फळीमागे जायचा. कोबा कोरडा बघून सुनेने विचारलं, "बाबा, गळायची थांबली की काय?" तेव्हा तरी खरं बोलावं! पण मोठेपणा मिळतोय म्हटल्यावर हा माणूस मागे राहतो थोडाच? "एक नट सैल होता," तो म्हणाला, "मी आवळला."

तिने विश्वास ठेवला. घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द होता. पाच आठवडे तेल घातलं नाही.

मग एका सकाळी पुलाच्या मधोमध इंजिन जाम झालं. मागच्या सीटवर तिची आई, पायांना सूज, धाप लागलेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. म्हातारी त्या दिवशी वाचली, पण पुढचे चार दिवस ती दवाखान्यातच होती. मेकॅनिकने तेल मोजायची पट्टी ओढली, ती कोरडी ठणठणीत.

सून घरी आली ती सरळ गॅरेजमध्ये. ओणवी होऊन शोधू लागली, तर फळीमागे ट्रे सापडला, तेलाने काळाकुट्ट भुसा भरलेला. निरीक्षक दारात उभा होता.

"बाबा, मला त्या डागाची गरज होती," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

गाडी भंगारात गेली. आता ती आईला घेऊन दोन बस बदलून जाते, आणि निघताना सासऱ्याशी बोलत नाही. उन्हाळ्यात कोबा तापला तसा पोटात मुरलेला मी हळूहळू वर आलो. त्याला मी दिसलो तेव्हा वाटलं, आता पुन्हा ब्रश आणणार. पण त्याने आणला खडू. दुखऱ्या गुडघ्यांवर टेकून त्याने माझ्याभोवती वेडीवाकडी रेघ ओढली. आता रोज सकाळी येतो, चष्मा पुसतो, मी रेघ ओलांडली का बघतो.

शहाणा! वर गाडी नाही, थेंब नाही, मी वाढणार कुठून?

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मला खुशाल घासा, पण त्याआधी वाकून एकदा वर बघा, गळतंय कुठून ते. आणि ज्याने रेघ ओढली आहे, त्याला विचारल्याशिवाय ती पुसू नका. चला, तो आला बघा, हातात खडू घेऊन.