टबाची कड

"रागवायचं असेल तर समोर येऊन रागव. मागून बोललेलं तिला आता ऐकू येत नाही."

शुश्रूषागृहात न्यायला गाडीत बसवलं तेव्हा मोठ्या जावेनं एवढंच सांगितलं होतं. खुबा मोडलेला, चेहरा पांढराफटक, आणि सूचना कसली तर मांजरीची. धाकटीला ती सूचना आत्ता आठवली, कारण ती ठमी मांजरीच्या मागे उभी राहूनच ओरडत होती.

"पुन्हा? अगं, पुन्हा? मुद्दाम करतेस ना तू!"

ठमीचा कानसुद्धा हलला नाही. पडद्याच्या पांढऱ्या अस्तरावर ती अंग चोरून बसली होती आणि तिच्याखालून ओल पसरत चालली होती. मग ती उठली, मागचे पाय एकेक करून सरळ केले आणि वळली. धाकटी दिसताच जागच्या जागी दबली.

धाकटीनं कापड हिसकलं. त्या झटक्यानं ठमी कलंडली, कपाटावर आपटली आणि घसरत घसरत कपाटाखालच्या फटीत शिरली. आवाज फार मोठा झाला नाही. धाकटी मात्र कापड हातात धरून तशीच उभी राहिली.

"दोघी एकाच शाळेतल्या," नवरा आतून म्हणाला. "वहिनी बोलून छळायची, ही भिजवून छळते."

"तुम्हाला हसू सुचतंय. हॉटेलवाल्याला काय सांगू, मांजरीनं नक्षी काढून दिली म्हणून?"

"मागच्या न्हाणीत कोंड तिला. पडदे जाईपर्यंत."

"काल कोंडलं होतं," ती म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही.

पडदे जाईपर्यंत. सध्या या घरात सगळंच हॉटेलचे हे पडदे शिवून जाईपर्यंत थांबलं होतं. मोठी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. पण आता जिना चढणं तिला जमणार नव्हतं. तिचा पलंग खाली, पुढच्या खोलीत लागायला हवा होता, आणि पुढच्या खोलीत कापड बेतायचं टेबल, शिलाईची दोन मशिनं आणि छतापर्यंत रचलेले गठ्ठे होते. शुश्रूषागृहातून निरोप येऊन गेला होता, की त्या आता वॉकर धरून चालतात, खुशाल घरी न्या. "अजून थोडे दिवस ठेवून घ्या," असं धाकटीनंच सांगितलं होतं. जावेला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, डॉक्टरच सोडत नाहीत. धाकटीनं तिला तसं वाटू दिलं होतं.

सकाळी सुईला हात लावण्याआधी देवाला हात जोडायचे आणि दुपारी जावेला फोन करायचा, हे तिचे रोजचे नेम. एकही चुकला नव्हता. पण दुसऱ्यात खोटं शिरलं होतं, आणि तेव्हापासून पहिल्यातही मन लागत नव्हतं. हात जोडलेले राहायचे, आणि डोळ्यांपुढे यायचे ते गठ्ठे.

अस्तर धुऊन वाळत घातल्यावर ती कामाला लागली. पडद्याची खालची पट्टी जमिनीवर पसरून टाचण्या लावायच्या होत्या, म्हणून ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. तिथून खोली वेगळीच दिसत होती. खुर्च्यांचे पाय, मशिनची पायडलं, धाग्यांची गुंतवळ. दुपार कलली तेव्हा कपाटाखालून ठमी बाहेर आली. अंदाज घेतला, थांबली, मग भिंत धरून कोपऱ्यातल्या टबाकडे निघाली.

टब नवा होता. जाऊ ठमीच्या शी-शूसाठी पसरट, बसका ट्रे वापरायची; त्यातली वाळू खोलीभर उडायची आणि कापडात जायची. म्हणून धाकटीनं चांगला खोल टब आणला होता. वाळू बाहेर येणं बंद झालं होतं.

ठमीनं पुढचा पंजा टबाच्या कडेवर ठेवला. मग दुसरा. मागचा पाय उचलला, तो अर्ध्यावर थरथरला आणि खाली आला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा खाली आला. हनुवटी कडेवर टेकून ती थोडा वेळ आत, वाळूकडे बघत राहिली. मग पंजे काढून घेतले आणि इकडेतिकडे मऊ काही दिसतंय का ते शोधत पडद्याच्या दिशेनं वळली.

धाकटीच्या ओठांत धरलेली टाचणी खाली पडली.

तिनं गळ्यातली टेप काढली. टबाची कड मोजली. मग ठमीच्या समोर जाऊन बसली, तिच्या मागच्या पायाशी टेप धरली, पाय हळूच वर उचलला आणि तो जिथं अडला तिथं टेपवर नखानं खूण केली. दोन्ही मापं शेजारी शेजारी धरून ती बघत राहिली. आल्यागेल्याचं माप नुसत्या नजरेनं घेणारी म्हणून तिचं नाव होतं.

तिची मोठी कात्री फक्त कापडासाठी असे. त्या कात्रीनं कुणी कागद कापला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. तीच कात्री तिनं टबाला लावली. प्लास्टिक करकरलं, पातं मुडपलं, पण एका बाजूची कड उतरली. कापलेली धार टोचू नये म्हणून तिनं त्यावर अस्तराची पट्टी दुमडून चिकटवली. ठमी आत गेली. धाकटीनं तोंड फिरवलं, जसं माणसाकडून फिरवतात तसं.

मग तिनं फोन लावला.

"ताई, ठमीचं सांगायचं होतं."

"गेली?"

"नाही हो! आहे. ती बाहेर करायची, म्हणून मी तिला फार बोलले. मला वाटलं मुद्दाम करते. टबाची कड उंच होती, ताई. तिचा पायच चढत नव्हता."

धाकटीनं फोन कानाला घट्ट दाबला.

"ताई?"

"ऐकतेय. तू बोललीस तेव्हा तिनं काय केलं?"

"कपाटाखाली जाऊन बसली."

"बरं आहे तिचं," जाऊ म्हणाली. "तिला कपाट तरी आहे."

आणि स्वतःच हसली, उगाचच.

"इथला पलंग उंच आहे गं. माझे पाय खाली पोचत नाहीत. हाक मारते, पण बाई एक आणि खाटा ढीगभर. काल चादर भिजली. मुद्दाम करता म्हणाल्या. तशा वाईट नाहीत हं त्या, दमतात बिचाऱ्या."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुझ्यामागे पडदे. आणि डॉक्टर सोडत नाहीत, त्याला तू तरी काय करणार, धाकटे?"

धाकटीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"डॉक्टरांनी केव्हाच सोडलंय, ताई. मी थांबवलं."

पलीकडे कुणीतरी कुणाला औषध घ्यायला सांगत होतं. भांडं वाजलं. मग जावेचा आवाज आला, कधी नव्हे इतका लहान.

"मग मी आवरून बसू का?"

"बसा. मी येते."

तिनं फोन ठेवला, पदर खोचला आणि वरचा गठ्ठा ओढला. तो धपकन खाली आला. नवरा दारात आला.

"अगं, अगं! आणि पडदे?"

"टेबल त्या भिंतीला लावा. नाही मावलं तर अंगणात काढा. आणि वरचा दिवाण खाली आणा, बुटका आहे तो. शेजाऱ्यांना हाक मारा, एकट्यानं नाही जमायचं."

"कुणासाठी एवढं?" त्यानं विचारलं, पण विचारतानाच त्याचा चेहरा पडला. त्यानं टेबलाची एक बाजू धरली.

धाकटीनं चपला घातल्या, दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि रस्त्याला लागली.