उताराची गाडी

डोंगरमाथ्यावरच्या खानावळीत ती, नवरा आणि सासूबाई अशा तिघांनी ताज्या मासळीवर ताव मारला. खाली दरीत नदी चमकत होती. गाडी उताराला लागली आणि नवऱ्याचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली.

"तूच चालव आता."

ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. शिकल्यापासून तिने गल्लीबाहेर गाडी काढली नव्हती.

"दरीकडे बघू नकोस," मागच्या सीटवर घेतलेल्या आपल्या मुलाला सावरत सासूबाई म्हणाल्या. "मी आहे याच्याजवळ."

जीव मुठीत धरून तिने एकेक वळण पार केलं. पायथ्याच्या दवाखान्यात सासूबाईच त्याला आत घेऊन गेल्या. इंजेक्शननंतर त्या बाहेर आल्या, तर सून अजून स्टिअरिंगला चिकटलेली. त्यांनी तिची बोटं हळूच सोडवली.

"उतर बाळा. तुला विचारतोय तो."