सात सह्या

"मेलं यंत्र आहे की गोगलगाय!" रिपोर्टच्या खोलीतल्या बाईंनी टेबलावर थाप मारली. पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय, फिरतंय.

मंडळी, कॉम्प्युटर अडला की आपण सगळेच असे करवादतो. पण बाईंचं दुखणं निराळं होतं. इस्पितळात डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करण्याचं त्यांचं काम. खोलीत मोबाइल न्यायला बंदी, तो बाहेर कपाटात ठेवायचा. पूर्वी काम सहाला आटपायचं आणि बाई लगबगीने कपाट गाठायच्या, कारण सव्वासहाला लेकीचा फोन यायचा. लेक परगावी कारखान्यात. तिची सुट्टी पंधरा मिनिटांची. मग पुन्हा तिची रात्रपाळी सुरू, आणि ती सकाळी उठेपर्यंत बाई कामावर. मायलेकींची गाठ पडायची ती तेवढ्यातच.

तीन आठवड्यांपूर्वी सुरक्षेचं नवं अपडेट आलं आणि काम अर्धा तास लांबलं. आता कपाट उघडलं की नुसता मिस्ड कॉल. मेसेज यायचे हो, 'मी बरी आहे' म्हणून. पण ती खरंच बरी आहे का, हे बाईंना आवाजावरून कळायचं. त्या आवाजासाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

शेवटी बाईंनी अर्ज लिहिला : आमच्या विभागाच्या सर्व्हरवरून अपडेट काढून टाकावं. सात सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि तरातरा कॉम्प्युटर विभागात गेल्या. तिथे निवृत्तीला आलेले एक काका बसायचे.

"काका, काढा ते एकदाचं!"

काकांनी अर्ज वाचला. "बसा. अहो, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. भारी उतावळा. सांगायच्या आधीच पुढचं काम अंदाजाने करून ठेवतो. तुम्ही नाही का, डॉक्टर 'रुग्णास' म्हणाले की पुढचं वाक्य टाइप करून मोकळ्या होता!"

बाईंना हसू आलं. "आणि चुकलं की खोडते."

"तोही खोडतो. पण खोडल्याची खूण मागे राहते. त्या खुणांवरून दुसऱ्याच्या फायलीतलं चोरून वाचता येतं, असं उघडकीला आलंय. अपडेट त्या उतावळेपणाला लगाम घालतं, म्हणून वेळ लागतो."

"आमच्या रिपोर्टांत मेलं चोरण्यासारखं काय आहे?"

काकांनी चष्मा काढला. "इथे सात सह्या आहेत. फायली ज्यांच्या आहेत, त्यांची एकही नाही. त्यांना विचारलंत?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि एकदम त्यांना लेकच आठवली. तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक याच इस्पितळात मनाच्या आजारासाठी दोन महिने होती. बरी झाली, पण लोकांच्या नजरा काही बऱ्या झाल्या नाहीत. म्हणून तर पोर परगावी गेली. निघताना म्हणाली होती, "आई, तिकडे कुणाला कळू देऊ नकोस गं."

तिची फाईल त्याच सर्व्हरवर होती!

"अगं बाई! मी माझ्या पोरीचंच दार उघडं टाकायला निघाले होते!" बाईंनी अर्ज टराटरा फाडला. मग मात्र त्यांना रडू आवरेना. "पण काका, मला तिचा आवाज हवाय हो!"

"मग तसं लिहायचं ना! अर्जात सगळं यंत्राबद्दल होतं, तुमच्याबद्दल अक्षर नाही."

काकांनी कोरा कागद पुढे केला. बाईंनी एकच ओळ लिहिली : चहाची सुट्टी चारऐवजी सव्वासहाला मिळावी. विभागप्रमुखांनी उभ्या उभ्या सही केली. "एवढंच होतं? आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बाई कपाटापाशी उभ्या होत्या. फोन वाजला.

"आई? आहेस?"

"आहे गं, आहे. बोल."

"काही नाही गं," लेक म्हणाली, "फार आठवण येत होती." बाईंनी डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला. चहाच्या सुट्टीची दहा मिनिटं भुर्रकन संपली. डोळे पुसून बाई पुन्हा रिपोर्ट टाइप करायला बसल्या.

मंडळी, लोकांची गुपितं राखायला वेळ लागतो, तो लागू द्यावा. आणि त्या वेळापायी ज्याचं काही हिरावलं जातं, त्याने ते मोकळेपणी सांगावं आणि आपण ते ऐकून घ्यावं. बाईंनी सांगायला तीन आठवडे घालवले. तेवढे दिवस तिकडे एक पोर रोज फोन लावून वाट बघत होती.