‘बरं आहे’ म्हणायचं नाही

माझी पाठ दुखायला लागली की आमच्या घरातल्या खोल्या लांबतात. पलंगावरून उठले की स्वयंपाकघर दिसतं, पण तिथे पोहोचेपर्यंत फोडणी करपलेली असते. आमचे मोरेश्वरराव तिकडे ओट्यापाशी करंगळीएवढे दिसतात. मी हाक मारते, ती त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागतो, मग ते मान वर करून हात हलवतात. गेल्या दिवाळीपासून आम्ही समोरासमोर बसून जेवलेलो नाही. टेबलच लांबतं, त्याला कोण काय करणार!

औषध आहे. गांजाच्या तेलाचे थेंब जिभेखाली घेतले की दुखणं थांबेल आणि खोल्या आपापल्या मापात येतील, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. पण कार्ड दाखवल्याशिवाय दुकानदार बाटलीला हात लावू देत नाही, आणि कार्ड मिळतं वेदना कार्यालयात. तिथून आम्ही एकदा हात हलवत परत आलो होतो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "काय, कसं काय?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "बरी आहे तशी." साहेबांनी शिक्का मारला. रुग्ण बरा आहे. विषय संपला.

"अगं, सवयीनं गेलं तोंडातून," हे बाहेर आल्यावर म्हणाले.

"तुमच्या सवयीला लावा काडी," मी म्हणाले. त्या दिवशी आमचा जिना इतका लांबला की डबा मधल्या पायरीवर बसून खावा लागला.

आज पुन्हा गेलो. कार्यालय सकाळी लग्नाच्या हॉलएवढं होतं. त्याची खोड अशी, की कोणी दुखणं लपवलं की भिंती आत सरकतात. कर्मचाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. ते कपाटं थोडी पुढे ओढून घेतात आणि काम चालू ठेवतात.

आमच्या पुढे खांबेटे काका होते. त्यांच्या जबड्यातून कानापर्यंत एक शीर पेटलेली असते. ती बाहेरूनही लाल दिसत होती. ते दातांत रुमाल धरून बसले होते.

"काय काका, कसं काय?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या कृपेनं उत्तम!" काका रुमालातून म्हणाले.

शिक्का पडला. भिंत आमच्या बाकाला येऊन टेकली. काका स्वतःच्याच तोंडाकडे बघावं तसे डोळे खाली करून दाराशी जाऊन उभे राहिले.

मग गुडघे बांधलेल्या एक बाई आल्या. त्यांना साहेबांनी चहा विचारला. "नको नको, आत्ताच घेऊन निघाले," बाई म्हणाल्या. रुग्णाला काही नको, असा शिक्का पडला. छत खाली आलं आणि पंखा बंद करावा लागला. पुढच्या प्रत्येकाने हेच केलं. एकाला तर बोलताना घेरी येत होती, तरी तो म्हणाला, "मजेत! तुमचं कसं?" मला त्या सगळ्यांचा संताप आला. चांगली शिकलेली माणसं, पण मरतानाही यमाला ‘बसा, सरबत घ्या’ म्हणतील.

माझं नाव पुकारलं तेव्हा खोली कपाटाएवढी उरली होती. साहेबांचं टेबल माझ्या पोटात रुतलं होतं, आणि मोरेश्वरराव अंग चोरून माझ्या खांद्याला चिकटले होते.

"चहा घेणार?" साहेब म्हणाले.

आईने शिकवलं होतं, पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, फारच आग्रह झाला तर अर्धा कप. ते ‘नको’ माझ्या जिभेवर मांडी घालून बसलं होतं. मी ते गिळलं.

"घेणार. पूर्ण कप. आणि साखर बेताची नको, चांगली घाला."

कारकुनांनी माना वर केल्या. भिंत सरकता सरकता थांबली.

"काय, कसं काय?"

मोरेश्वररावांनी श्वास घेतला. मी झटकन त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला. त्यांचा ‘ब’ माझ्या हाताला गरम लागला.

"दुखतंय," मी म्हणाले.

"थोडं?"

"थोडं कसलं! रोज रडू येतं एवढं दुखतंय. मला या माणसासमोर बसून जेवायचंय आणि तो मला धड दिसतसुद्धा नाही. मी बरी नाही, साहेब. अजिबात बरी नाही!"

भिंती मागे गेल्या. कपाटं, कारकून, बाकं, सगळं घरंगळत लांब गेलं आणि छत इतकं वर उठलं की पंखा आपोआप फिरायला लागला. मला इतकं मोकळं वाटलं की मी हसत सुटले. दारातून खांबेटे काकांनी रुमाल भिरकावला आणि ओरडले, "साहेब, माझंही दुखतंय हो!" गुडघेवाल्या बाई म्हणाल्या, "आणि मला चहाही हवाय!" मग सगळे ओरडायला लागले, दुखतंय, दुखतंय, आणि सामना जिंकल्यावर मारतात तशा एकमेकांना मिठ्या मारायला लागले.

साहेबांनी उभं राहून माझ्या हातात कार्ड दिलं. ते हिरवं आणि कोमट होतं, आणि त्यावरच्या शिरा हलकेच हलत होत्या. त्यावरच्या फोटोत ‘दुखतंय’ म्हणतानाचं माझं तोंड वेडंवाकडं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो माझ्यासारखा आला होता. मी तो सगळ्यांना दाखवला.

गलबला ओसरल्यावर साहेबांचं लक्ष यांच्याकडे गेलं.

"आणि तुम्ही? कसं काय?"

"मी?" हे हसले. "मला काय धाड भरलीये?"

दूरच्या भिंती थरथरल्या. मी यांच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांची हनुवटी कापत होती. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"अहो, बोला ना," मी म्हणाले. "आता तुमची पाळी."

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, पण तोंड उघडतच गेलं. साहेबांनी शिक्का खाली ठेवला, टेबल दोन्ही हातांनी मागे ढकललं, आणि कारकुनांना हाताने बाजूला करत समोर भरपूर जागा करून दिली.